वाचकांचे प्रश्न: कॅलिपरचा जाम पिस्टन आणि घरी बनवलेलं हत्यार

प्रश्न: माझी जुनी मोटरसायकल जवळपास तीन वर्षं उभीच होती, आता चालू करायला घेतली तर पुढचं चाक हाताने फिरेना. पुढचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) दोन पिस्टनचा आहे, खोलून टेबलावर घेतलाय, ब्रेकचा पाइपही सोडला. एक पिस्टन हाताने आत-बाहेर होतो, दुसरा जागचा हलत नाही. पक्कड लावून ओढला तर कडेला ओरखडे आले, पिस्टन तिथेच. यासाठी घरी काही हत्यार बनवता येईल का?

उत्तर: येईल की, आणि चांगलं येईल. पण आधी ती पक्कड बाजूला ठेवा. पिस्टनची बाहेरची बाजू म्हणजे सीलची घासायची जागा, तिथे ओरखडा पडला की नवीन सील टाकूनही ब्रेक ऑइल झिरपत राहतं. तुमचे ओरखडे अगदी बाहेरच्या कडेला असतील आणि सील तिथपर्यंत येत नसेल तर वाचलात, पण पिस्टन बाहेर आल्यावर ते नीट बघा.

आता हा अडकतो कशाने ते समजून घ्या, म्हणजे हत्यार कसं पाहिजे ते आपोआप कळेल. पिस्टन कॅलिपरच्या भिंतीला घासत नाही, त्याला चौकोनी काटाचं रबरी सील धरून असतं, आणि हे सील कॅलिपरमध्ये कोरलेल्या खाचेत बसलेलं असतं. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे जातो, सील थोडं पिळलं जातं, लिव्हर सोडली की सील परत सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. गाडी उभी राहिली की अ‍ॅल्युमिनियमच्या त्या खाचेत पांढरी पावडर धरते, ती सीलला मागून ढकलते आणि सील पिस्टनला आवळून बसतं. बाहेरून डस्ट सीलमागे (धूळ अडवणारं बाहेरचं सील) पाणी-माती जाते, मग पिस्टनच्या क्रोमवर गंज चढतो, तो वेगळाच. म्हणजे पिस्टनला चारी बाजूंनी आवळलेलं असतं आणि तुम्ही पक्कडीने एका कडेला धरून ओढता, तो तिरका होतो आणि अजून घट्ट बसतो. त्याला मागून, मधोमध, सरळ ढकलायला पाहिजे, आणि हे काम ब्रेक ऑइलच्या दाबाएवढं चांगलं दुसरं काही करत नाही.

खरं तर पाइप सोडायच्या आधी गाडीचीच लिव्हर मारून पिस्टन बाहेर काढायचा असतो (पुढच्या वेळी लक्षात ठेवा), पण आता सुटलाच आहे तर एक जुना मास्टर सिलेंडर (हँडलवरचा, लिव्हर दाबली की ऑइल ढकलणारा भाग) मिळवा, लिव्हरसकट. त्याचा पिस्टन दाब देतो आणि कुठे गळत नाही एवढं बघा, दिसायला कसाही चालेल. बहुतेक हँडल 22 मिलीमीटर जाडीची असतात, म्हणून त्याच जाडीचा वीतभर पाइपचा तुकडा घेऊन तो व्हाइसमध्ये पकडा नाहीतर फळीला पक्का करा आणि मास्टर सिलेंडर त्यावर हँडलवर बसवतो तसाच बसवा. त्याला ब्रेकचा पाइप आणि पाइपच्या टोकाला तुमचा कॅलिपर. बस, झालं हत्यार.

एक गोष्ट मात्र तपासा, बँजो बोल्टचे (ब्रेकचा पाइप कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) आटे. जपानी गाड्यांना साधारण 10 मिलीमीटरला 1.25 पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतो, बऱ्याच युरोपियन कॅलिपरला 1.00 असतो. बोल्ट दोन-तीन फेरे हाताने जातो आणि मग अडतो, तिथे पान्याने जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच समजा. हाताने शेवटपर्यंत गेला तरच पाना लावायचा, आणि तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूला.

ताकद किती मिळते बघा. समजा मास्टर सिलेंडरचा पिस्टन 12.7 मिलीमीटरचा आणि कॅलिपरचा 27 मिलीमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ साडेचार पट. लिव्हरवर तुम्ही 10 किलोचा जोर दिला आणि लिव्हरने तो सहा पट केला, तर कॅलिपरच्या पिस्टनवर साधारण 270 किलोचा जोर पडतो. आणि एका दाबात पिस्टन पुढे सरकतो फार तर दोन-सव्वादोन मिलीमीटर. एवढा जोर, पण एवढं हळू, म्हणून मला ही पद्धत इतकी आवडते.

आता तुमची खरी अडचण, दोन पिस्टनची. लिव्हर मारली की मोकळा पिस्टन आधी पळणार, तो बाहेर पडला की सगळा दाब गेला आणि जाम पिस्टन आहे तिथेच. म्हणून मोकळा पिस्टन पूर्ण आत दाबा आणि सी-क्लॅम्पने तिथेच अडकवून ठेवा. मग कॅलिपर असा धरा की ब्लीड निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सगळ्यात वर येईल आणि आतली हवा नीट काढून घ्या, हवा राहिली तर लिव्हर स्पंजसारखी लागते आणि सगळा जोर हवा दाबण्यातच जातो. समोर एक लाकडाचा तुकडा ठेवा, पिस्टन पुढे आला तरी पूर्ण निसटणार नाही एवढ्या जाडीचा. मग सावकाश दाबा. जाम पिस्टन हलला की हावरटपणा करू नका, त्याला पार बाहेर काढायचा नाही, चांगला पुढे आला की थांबा, क्लॅम्प काढा, मोकळ्यालाही तेवढाच पुढे आणा आणि मग दोघांना बरोबरीने काठावर आणून शेवटचा भाग हाताने. एक आधीच काढून बसलात तर दुसऱ्याला ढकलायला दाब राहत नाही, इथे पुष्कळ जण अडकतात.

पहिल्या दाबाला हलला नाही तर जास्त जोर करू नका, लिव्हर दाबून जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी लिव्हर हँडलला टेकलेली दिसली आणि कुठे गळती नसली तर पिस्टन हललाय. तरीही नाही हलला तर कॅलिपरवर बाहेरून कढत पाणी ओता, अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, तेवढी फट पुरते. गॅसची ज्योत लावायची नाही, आत ब्रेक ऑइल आहे आणि ते पेट घेतं. ब्रेक क्लीनर मारलेल्या गरम धातूजवळ तर जाऊच नका, काही क्लीनरमधल्या क्लोरीनयुक्त द्रवापासून गरम झाल्यावर विषारी वायू होतो.

प्रश्न: एवढं करण्यापेक्षा कॉम्प्रेसरची हवा मारली तर एका सेकंदात निघतो की, मी तसंच करतो. काय चुकतं त्यात?

उत्तर: निघतो हे खरं, कधी निघेल आणि किती जोरात हे मात्र तुमच्या हातात राहत नाही. सात किलो दाबाची हवा 27 मिलीमीटरच्या पिस्टनवर 40 किलोचा जोर देते, म्हणजे लिव्हरच्या निम्मासुद्धा नाही, जो खरंच जाम आहे तो यात हलणारच नाही आणि जो हलेल तो गोळीसारखा सुटेल. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून ऑइलच्या दाबात पिस्टन हलला की जोर लगेच उतरतो, हवेत उतरत नाही. पिस्टन आणि कॅलिपर यांच्यामध्ये बोट सापडलं तर हाड मोडतं. माझ्या डोळ्यांदेखत एकदा पिस्टन फडक्यातून निसटून समोरच्या भिंतीवर आपटलाय, तेव्हापासून मी हवा वापरत नाही आणि तुम्हालाही कळकळीने सांगतो, सोडा ती सवय.

प्रश्न: मास्टर सिलेंडर नाही मिळाला तर ग्रीस गनने ढकलता येतो का? बोल्टला निपल कसा बसवायचा?

उत्तर: येतो, आणि अगदी गंजून बसलेल्या पिस्टनला मी शेवटी ग्रीस गनच लावतो. बँजो बोल्टच्याच आट्याचा साधा बोल्ट घ्या, मधून आरपार 3 मिलीमीटरचं भोक पाडा, डोक्याकडून ते 5 मिलीमीटरचं करून 6 मिलीमीटरचा टॅप मारा आणि त्यात ग्रीस निपल (गनचं तोंड जिथे बसतं ते टोक) बसवा. बोल्ट आत टेकता कामा नये, कारण आता मध्ये पाइपचं बँजो (टोकाचं कडं) नाही, तेवढी लांबी जास्त होते, ती कापून टाका आणि डोक्याखाली एकच तांब्याचा वॉशर. जुनाच बँजो बोल्ट वापरायला जाल तर त्याला आडवं भोक असतं, ग्रीस तिथूनच बाहेर येतं.

ग्रीस भरायच्या आधी कॅलिपरमध्ये ब्रेक ऑइल भरून घ्या, म्हणजे ग्रीस कमी लागतं. गन अर्धा-अर्धा दाब करून मारा, हिचा दाब ब्रेकच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त जाऊ शकतो, म्हणून निपलच्या समोर हात किंवा तोंड नको, चष्मा लावा. सी-क्लॅम्प आणि लाकूड इथेही तसंच. एक मोठी अट, साध्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं, त्यामुळे जुनी सगळी सील फेकायची आणि आतल्या प्रत्येक वाटेतून ग्रीस पूर्ण काढायचं. कॅलिपर दोन भागांत खुलत असेल तर मधला ओ-रिंगसुद्धा नवा. एवढं करायची तयारी नसेल तर ग्रीस गन हातात घेऊ नका.

प्रश्न: पिस्टन आतून पोकळ असतो, मग आतून पकडून ओढणारं काही बनवलं तर?

उत्तर: छान कल्पना आहे, पण ती फिरवायला चांगली, ओढायला नाही. एक बोल्ट, दोन जाड वॉशर, मध्ये पिस्टनच्या भोकात जेमतेम जाईल असा कडक रबराचा गट्टू आणि वर नट. नट आवळला की रबर फुगून पिस्टनला आतून धरतं. आतली बाजू आधी पुसून कोरडी करा, तेलकट असेल तर घसरतं. मग पान्याने पिस्टन डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, गंजाची पकड सुटते, त्यानंतर ऑइलच्या दाबाने तो सहज येतो. आतून ओरखडे पडले तरी बिघडत नाही, तिथे सील नसतं. भिंतीत ठोकायचा लोखंडी अँकर बोल्ट मात्र घालू नका, तो आवळत गेलात की पातळ पिस्टन बाहेर फुगतो आणि आधीपेक्षा जास्त जाम होतो.

प्रश्न: पिस्टन निघाला, थोडा गंज आहे. पॉलिश पेपर मारून परत टाकला तर चालेल?

उत्तर: नखाने तपासा. डाग नुसता दिसतो, नखाला लागत नाही, तर बारीक पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने पुसा, चालेल. सील जिथे फिरतं त्या पट्ट्यात नख अडकलं तर पिस्टन नवीन घ्या, खड्डा घासून जात नाही आणि घासत बसलात तर क्रोमच जाईल. अनोडाइज केलेला अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन असेल तर पेपर लावूच नका.

आणि खरी मेहनत खाचेवर घ्या. पिस्टन निघाला की लोक खूश होऊन नवीन सील कोंबतात आणि थोड्याच दिवसांत परत चाक जड. सील लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या टोकाने काढा, मग दाताच्या डॉक्टरकडे असतो तसल्या वाकड्या टोकाने खाचेतली पांढरी पावडर खरवडा, कोपऱ्यातलीसुद्धा, पण धातू खरवडायचा नाही. साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, पेट्रोल-डिझेल नको. सीलला ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस लावा. पिस्टन अंगठ्याने सरळ आत गेला पाहिजे, ठोकायची वेळ आली तर खाच अजून साफ नाही.

ऑइल झाकणावर लिहिलेल्या डॉटचंच (म्हणजे त्याच दर्जाचं) भरा, बंद बाटलीतलं, आणि दर दोन वर्षांनी बदला. डॉट 4 चा उत्कलनबिंदू ताजं असताना कमीत कमी 230 अंश, पाणी प्यायल्यावर तीच हद्द 155 वर येते. पॅडला ऑइल-ग्रीस लागलं असेल तर पॅड बदला. हवा काढून झाली की लिव्हर रात्रभर बांधून ठेवा, सकाळी कडक आहे आणि बँजोपाशी ओल नाही हे बघूनच गाडी बाहेर काढा.

प्रश्न: चाक जड फिरतं, पण पिस्टनच जाम आहे हे खोलायच्या आधी कसं ओळखायचं?

उत्तर: लिव्हर दाबून सोडा, चाक अडकलेलं असतानाच ब्लीड निपल जरासा उघडा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकलाय, दोष मास्टर सिलेंडरच्या ऑइल परत जायच्या बारीक भोकात किंवा पाइपात. नाही झालं तर कॅलिपर हाताने आडवा हलवून बघा, सरकणारा कॅलिपर असेल आणि हलत नसेल तर त्याच्या पिना जाम असतील, त्या काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. कॅलिपर हलतोय आणि चाक तरीही धरून, तर मग पिस्टन.