राजा आणि संसद यांच्यातला सत्तेचा वाद युद्धापर्यंत कसा जातो?

तुम्ही विचारलंय की असा वाद चर्चेत न मिटता रणांगणावर का जातो. मी इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचं उदाहरण घेतो. (ज्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण मिळाली, त्याचा हा बाप.)

करावरून भांडण झालं आणि युद्ध पेटलं, असं शाळेत शिकवतात. मला ते अर्धंच पटतं. 1629 ते 1640 चार्ल्सनं संसद बोलावलीच नाही. किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी द्यायची जुनी पट्टी त्यानं समुद्र न पाहिलेल्या गावांवरही बसवली. ती भरायला नकार देणाऱ्या जॉन हॅम्पडन या जमीनदाराचा खटला कोर्टात गेला, तर बारापैकी सात न्यायाधीश राजाच्या बाजूनं. लोक चरफडले, पण तलवार कुणी उपसली नाही.

पुढे स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादण्याच्या नादात तिथे बंड झालं. लढायला पैसा हवा, म्हणून 1640 मध्ये संसद बोलवावीच लागली. तिनं ती पट्टी बेकायदा ठरवली, तीन वर्षांत एकदा तरी संसद भरलीच पाहिजे असा कायदा केला. राजानं मान्यताही दिली. इथवर मिटण्यासारखं होतं.

गाठ बसली ती फौजेवर. ऑक्टोबर 1641 मध्ये आयर्लंडमध्ये उठाव झाला. तो मोडायला फौज हवी, यावर दोघांचं एकमत. ती कुणाच्या हुकमात असावी, यावर अजिबात नाही. त्याच वर्षी सैन्य वापरून संसदेला दाबण्याचे बेत उघडकीस आले होते. त्यामुळे फौज दिली की ती आपल्यावरच येईल, ही खासदारांना धास्ती. आणि फौजच सोडली तर राजेपण उरलं कुठे, असं चार्ल्सचं म्हणणं. माझ्या मते खरी कोंडी हीच. करात निम्मं तुमचं निम्मं आमचं होऊ शकतं, फौजेत नाही.

4 जानेवारी 1642 ला चार्ल्स हत्यारबंद माणसं घेऊन पाच खासदारांना पकडायला थेट सभागृहात गेला. ते आधीच निसटले होते. सभापतीच्या खुर्चीवरून त्यानं विचारलं, कुठे आहेत? सभापती लेन्थॉलनं गुडघे टेकले आणि सांगितलं की या सभागृहाच्या आज्ञेशिवाय मला इथे ना डोळे आहेत ना जीभ. हा प्रसंग वाचताना मी दर वेळी थांबतो. गुडघे राजापुढे टेकलेले, पण जीभ संसदेची!

आठवड्याभरात राजानं लंडन सोडलं. एप्रिलमध्ये तो हल शहराच्या वेशीवर गेला. आत दारूगोळ्याचं मोठं कोठार होतं. संसदेनं नेमलेल्या जॉन हॉथमनं दरवाजा उघडला नाही. राजानं त्याला तिथेच राजद्रोही ठरवलं, तरी दरवाजा बंदच राहिला.

22 ऑगस्टला नॉटिंगहॅमला राजाचं निशाण उभं राहिलं, म्हणजे युद्ध पुकारलं गेलं. तेव्हाही संसदेची फौज म्हणत होती की आम्ही राजा आणि संसद या दोघांसाठी लढतोय.