नांगराच्या साखळीला स्नबर कसा जोडावा? (कारवारजवळ काळी नदीच्या मुखाशी नांगरलेली होडी, साखळी ८ मिमी)

स्नबर म्हणजे लाटेचा हिसका सोसण्यासाठी साखळीला जोडलेला ताणणारा दोर. त्यासाठी तीन पिळांचा, १२ मिमी जाडीचा नायलॉनचा दोर घेऊन त्याचे एक टोक साखळीवर ओढीच्या दिशेने दोन-तीन वेढे देऊन व उलट बाजूस एक अडकवण घालून घट्ट बांधावे, दुसरे टोक नाळेवरील (होडीच्या पुढच्या टोकावरील) भक्कम खुंट्याला गुंडाळावे आणि मग आणखी साखळी सोडावी, म्हणजे दोर ताणला गेला तरी खुंटा व गाठ यांमधली साखळी सैल झोळ धरून राहील. साखळी ताणत नाही, नायलॉन ताणतो. त्यामुळे लाटेचा हिसका दोर सोसतो आणि तो भार साखळी ओढणाऱ्या यंत्रावर येत नाही. दोराची लांबी ६ ते १० मीटर असावी, कारण आखूड दोराला ताणायला वाव उरत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त मिळतो, पण उन्हाने लवकर कुजतो; तो या कामी मुळीच वापरू नये. गाठीऐवजी उघडा हूकही चालतो, मात्र आपल्या नदीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा आणि समुद्रावरचा वारा समोरासमोर येतात तेव्हा होडी साखळीवर सरकते, साखळी सैल पडते आणि असा हूक निसटतो, म्हणून मी गाठच पसंत करतो. दोर नाळेच्या कडेवर घासतो तेथे जुन्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा अवश्य चढवावा. एक मर्यादा ध्यानात ठेवावी: स्नबर अपुऱ्या साखळीची भरपाई करत नाही, आणि दोर तुटलाच तर होडी धरून राहावी यासाठी साखळीचे स्वतंत्र बंधनही पक्के असावे लागते.