आधी एकच कमान घे, बाबा

पहिल्याच झटक्यात सोलापूर महापालिकेची अख्खी इंद्रभुवन इमारत लेगोत उभी करायची म्हणतोस? हौस भारी आहे, पण आप्पासाहेब वारदांच्या त्या वाड्याचं नक्षीकाम पाहिलंयस ना? आधी दर्शनी भागातली एक कमान आणि तिच्यावरची गॅलरी, एवढंच घे. जमलं तर पुढचं बघू.

माप आधी ठरव. लेगोच्या विटेवर गोल उंचवटे असतात ना, ती बटणं; दोन बटणांमधलं अंतर 8 मिमी, विटेची उंची 9.6. म्हणजे 1:100 ला एक बटण 80 सेंटिमीटरचं आणि साधारण 4.8 मीटरचा मजला पाच विटांत बसतो. महापालिकेत टेप घेऊन फिरलास तर शिपाई हटकणारच. त्यापेक्षा मित्राला दाराशी उभा करून समोरून सरळ फोटो काढ. त्याच्या उंचीवरून बाकीचं मोज.

नक्षी कोरायला जाऊ नकोस, सावली पकड. विटा कुशीवर आडव्या लाव, म्हणजे बटणं वर न राहता समोर बाहेर येतात आणि लांबून नक्षीच वाटते. आडव्याउभ्याचं गणित सोपंय: पाच चपट्या प्लेटा एकावर एक, म्हणजे 16 मिमी, बरोब्बर दोन बटणं. हे कळायला मला दोन महिने लागले बे!

आणि स्वस्तातल्या विटा घेणार असशील तर सगळ्या एकदमच घे. मी दोनदा मागवल्या, तर दुसऱ्या खेपेच्या पिवळट निघाल्या. माझ्या भिंतीवर अजून शेंगाचटणी सांडल्यासारखा पट्टा दिसतो.