मंत्री, मास्तर आणि आपला संत्रा

दारव्हा तालुक्यातून एका मुलीचा प्रश्न आला आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करते, गावच्या वाचनालयात बसून वाचते. लिहिते, ‘‘सर, संघराज्याच्या मंत्रिमंडळात जास्तीत जास्त किती मंत्री असावेत? माझ्या गाईडात ‘मंत्रीमंडळात ८१’ आहे, मैत्रिणीच्या गाईडात ‘मंत्रिपरिषदेत १५ टक्के’. दोन्ही एकच आहे का? आणि मंत्रि लिहायचं की मंत्री?’’

बेटा, आधी ते गाईड मिटून ठेव.

‘मंत्रीमंडळ’ हे फ्लेक्सवर वाचून वाचून माझे डोळे दुखायला लागलेत. मूळ शब्द मंत्रिन्. एकटा असला की मंत्री, समासात त्याच्यापुढे दुसरा शब्द बसला की मंत्रि. पक्षी, पण पक्षिमित्र. विद्यार्थी, पण विद्यार्थिदशा. व्याकरण एवढंच, पुढे चल.

मंडळ आणि परिषद एक नाही. घटनेच्या ७४व्या अनुच्छेदात आहे ती मंत्रिपरिषद. पंतप्रधान, कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, कोणी उपमंत्री असलाच तर तोही, सगळे तिच्यात आले. मंत्रिमंडळ म्हणजे त्यातले फक्त कॅबिनेट दर्जाचे. ९ जून २०२४ ला दिल्लीत शपथविधी झाला तेव्हा पंतप्रधान धरून ७२ जण होते : कॅबिनेट ३०, स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री ५, नुसते राज्यमंत्री ३६. दुसऱ्या दिवशी आमच्या पानठेल्यावर जो तो ‘मंत्रिमंडळात बहात्तर’ म्हणून राहिला होता. विदर्भापुरतंच पाहा. नागपूरचे नितीन गडकरी त्या दिवशी मंत्रिमंडळात गेले. बुलढाण्याचे प्रतापराव जाधव स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री झाले, म्हणजे मंत्रिपरिषदेत गेले, मंत्रिमंडळात नाही.

तुझा ८१ चा आकडा आहे तो परिषदेचा. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं ७५व्या अनुच्छेदात घातलं की पंतप्रधान धरून एकूण मंत्री लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. ५४३ चे १५ टक्के ८१.४५. पॉइंट पंचेचाळीस मंत्री करता येत नाही, म्हणून ८१. मंत्रिमंडळ किती जणांचं असावं यावर घटना चूप आहे. दोन्ही गाईडं अर्धी अर्धी बरोबर. दोन्ही विकत घेणाऱ्यालाच पूर्ण उत्तर मिळतं.

पानठेल्यावरचा दुसरा घोळ ‘केंद्रीय राज्यमंत्री’ या शब्दाचा. ‘‘केंद्राचा बी अन् राज्याचा बी? दोन पगार भेटत असतीन मंग!’’ विचारणाऱ्याला हसू नका, चूक भाषांतर करणाऱ्याची आहे. इंग्रजी पदनामातलं ‘स्टेट’ म्हणजे महाराष्ट्र-गुजरातसारखं घटक राज्य नव्हे, तिथं ‘स्टेट’ म्हणजे राज्यसंस्था, शासन. आपण सरळ ‘राज्य’ लिहून मोकळे झालो. संघराज्याच्या देशात तरी हा शब्द निवडताना थोडा विचार करायचा होता.

आता ‘कॅबिनेट’. मुळात अर्थ लहानशी खोली, राजा चार विश्वासू माणसांना घेऊन आत बसतो ती. १९५० च्या आपल्या घटनेत हा शब्द कुठेच नव्हता. तो आला १९७८ मध्ये, ४४व्या दुरुस्तीनं, ३५२व्या अनुच्छेदात, आणि आला तो अनुभवाचा चटका बसल्यावर. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली ती पंतप्रधानांच्या सल्ल्यावर. मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून सांगण्यात आलं. म्हणून ४४व्या दुरुस्तीनं अट घातली की मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय अशी घोषणा काढता येणार नाही. अट घालायची तर मंत्रिमंडळ म्हणजे कोण हे सांगावं लागलं, आणि शब्द घटनेत शिरला.

या ‘कॅबिनेट’साठी मराठीत शब्द नाही असं सांगणाऱ्या पंडितांना रायगडावर न्यायला हवं. तिथं खलबतखाना दाखवतात. खलबत हे अरबी ‘खलवत’, म्हणजे एकांत, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेला. एकांतात बसून मसलत करायची खोली तो खलबतखाना. कॅबिनेट म्हणजे तरी वेगळं काय? शासनाच्या कोशात ‘खलबतखाना’ घेतला असता तर ‘आज खलबतखान्याची बैठक’ ही बातमी वाचून माणसाला आत काय चाललं आहे ते बरोबर कळलं असतं. (खलबत्त्याशी याचा काही संबंध नाही. मागे कोणीतरी तो लावला होता. तिथं कुटतात, इथं खल करतात, असं त्याचं म्हणणं. कोटी बरी आहे, व्युत्पत्ती भिकार आहे.)

मुळात ‘मंत्र’ या शब्दातच एकांत आहे. मन् धातू आणि पुढे ‘त्र’ हा प्रत्यय. हा ‘त्र’ बहुतेक ठिकाणी साधन दाखवतो : ज्यानं वाट दाखवत न्यायचं ते नेत्र, ज्यात प्यायचं ते पात्र, ज्यानं कापायचं ते शस्त्र. तसं ज्यानं विचार करायचा तो मंत्र, विचाराचं अवजार. ते बाळगतो तो मंत्री. आणि सापाचं विष उतरवतो म्हणणारा आपल्या गावातला मांत्रिक हा त्याचा सख्खा भाऊ, प्रत्यय तेवढा वेगळा. त्या मांत्रिकाला विचारून पाहा. मंतर दुसऱ्याला सांगितला की त्याचा गुण जातो म्हणेल. (साप चावला तर मात्र त्याच्याकडे न जाता सरळ दवाखाना गाठा, एवढं मी शाळेत चाळीस वर्षं सांगितलं.) राजकारणातल्या मंत्राचंही तेच. ‘षट्कर्णो भिद्यते मन्त्रः’, सहा कानांत गेला की मंत्र फुटला. त्यावरून आपण ‘षट्कर्णी होणे’ म्हणतो. सहा कान म्हणजे साठ माणसं नव्हेत रे बाबांनो, फक्त तीन. दोघांतली गोष्ट तिसऱ्याला कळली की ती षट्कर्णी झाली. ‘बातमी लाखो लोकांत षट्कर्णी झाली’ असं जे छापतात त्यांना गणित शिकवावं की मराठी?

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो. हा मंत्री व्यापाऱ्यांच्या आणि ब्राह्मण-बौद्ध पंडितांच्या गलबतांतून पूर्वेला गेला आणि मलय भाषेत ‘मंतेरी’ झाला. आजही मलेशियाच्या, म्हणजे आपल्यासारख्याच एका संघराज्याच्या, पंतप्रधानाला ‘पर्दाना मंतेरी’ म्हणतात. हळू म्हणून पाहा : प्रधान मंत्री. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतलं. तिथं त्यांनी हा मंतेरी ऐकला, आपल्या तोंडाला बसेल असा ‘मांदारिम’ केला आणि चीनच्या अंमलदारांना तेच नाव दिलं. इंग्रजीत तो ‘मँडरीन’ झाला. या अंमलदारांची बोली ती मँडरीन भाषा. आणि युरोपात चीनकडचं सैल सालीचं, गोड, केशरी फळ पोहोचलं तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटलं. अंमलदारांच्या झग्याच्या रंगावरून, असं सांगतात.

आता शेंदूरजना घाटच्या नर्सरीत जा आणि कलमांवरची इंग्रजी पाटी वाच. ‘नागपूर मँडरीन’. म्हणजे मोर्शी-वरुडच्या मळ्यांत जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून आपण गेली कित्येक वर्षं जे वाढवत आहोत, ज्याला पाणी पुरवता पुरवता बोअर आटतात, जे हुंडीवर दिलं की व्यापारी अर्धं झाड पाहून पूर्ण बागेचा भाव पाडतो, ते फळ नावानं मंत्री आहे! संस्कृतातून निघाला, मलाक्का, लिस्बन, लंडन फिरला आणि जिथून गेला त्याच देशात कलमाला अडकवलेल्या पाटीवर परत आला. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी एकटाच बांधावर बसून हसत होतो. सालदाराला वाटलं, मास्तरला ऊन लागलं.

यावर एका निवृत्त प्राध्यापकांनी भर सभेत मला अडवलं होतं. म्हणे मँडरीन हा शब्द पोर्तुगीज ‘मांदार’ म्हणजे हुकूम सोडणे यावरून आला, संस्कृताचा अभिमान जरा आवरा. साहेब, अभिमानाचा प्रश्न नाही. ‘मांदार’च्या ओढीनं मंतेरीचा ‘त’ जाऊन ‘द’ आला असेल, एवढं मी खुशीनं देतो. पण शेजारच्याचा चेहरा आला म्हणून बाप बदलत नाही. पोर्तुगीजांना हुकूम सोडणाऱ्यासाठी घरचे शब्द भरपूर होते. नेमका हाच शब्द त्यांना मलय मुलखात का सुचला, याचं उत्तर त्या सभेत मिळालं नाही. चहा मात्र मिळाला.

असाच हट्ट ‘संत्रा’ शब्दाबद्दल. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या प्रसिद्ध कोशानं त्याचा धागा पोर्तुगालच्या सिंत्रा गावाशी जोडला आणि तेव्हापासून जो तो तेच उगाळतो. पण तिकडे बाबरानं हिंदुस्थानच्या फळांत ‘संगतरा’ लिहून ठेवला आहे, आणि बाबर वारला १५३० मध्ये. पोर्तुगीज किनाऱ्यावर येऊन तीसेक वर्षं होतात न होतात तोच त्यांच्या गावाचं नाव उत्तरेतल्या बागांत रुळून बादशहाच्या लेखणीपर्यंत गेलं? मला तरी पटत नाही. ज्याला पटतं त्यानं खुशाल सिंत्र्याची फोड खावी.

फोडीवरून आठवलं, तुझा प्रश्न किती मंत्री ‘असावेत’ असा होता, आणि मी किती ‘चालतात’ तेवढंच सांगून पुढे पळालो.

हा वाद जुना आहे. कौटिल्य सांगतो : मंत्रिपरिषद बारा अमात्यांची असावी, हे मनूच्या पंथाचं मत, बृहस्पतीच्या पंथाचं सोळा, उशनसाच्या पंथाचं वीस. आणि स्वतःचं मत काय, तर ‘यथासामर्थ्यम्’. जेवढं काम, जेवढी ताकद, तेवढे. इंद्राच्या परिषदेत हजार ऋषी होते, तेच त्याचे डोळे, म्हणून दोन डोळ्यांच्या इंद्राला सहस्राक्ष म्हणतात, हेही तोच सांगतो. मंत्रिमंडळ विस्ताराच्या बाजूनं याहून चांगला युक्तिवाद आजवर कोणी केला नसेल. पण पुढचं वाच. प्रत्यक्ष मसलतीसाठी मात्र तो तीन किंवा चारच मंत्री सांगतो. एकच असला तर तो बेलगाम होतो. दोन असले तर एक होऊन राजाला गुंडाळतात, नाहीतर भांडून बुडवतात. म्हणजे बाहेर मोठी परिषद, आत छोटी खोली. ७४वा आणि ३५२वा अनुच्छेद मिळून जे सांगतात तेच हे.

शिवाजी महाराजांचे प्रधान आठ. इथंही एक खडा काढून टाकू. ‘अष्टप्रधान म्हणजे आठ मंत्री’ असं सर्रास लिहितात. मंत्री त्या आठांत एकच होता. वाकनीसाला ते संस्कृत नाव दिलं होतं, जसं पेशव्याला मुख्यप्रधान, मुजुमदाराला अमात्य. सामान्य शब्द प्रधान हाच. म्हणूनच मराठीत पंतप्रधान म्हणतात. ‘प्रधानमंत्री’ ही हिंदीची उसनवारी, योजनांच्या पाट्यांवरून घरात शिरलेली.

बाकी संघराज्यांचं म्हणशील तर स्वित्झर्लंड १८४८ पासून सात जणांवर चाललं आहे. बेल्जियमच्या घटनेत कमाल पंधरा, आणि पंतप्रधान सोडला तर डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे सारखे. नेपाळात पंचवीस. नायजेरियात प्रत्येक घटक राज्यातला एक तरी मंत्री घ्यावाच लागतो आणि राज्यं आहेत छत्तीस. आपल्याकडे राज्यांनाही १५ टक्क्यांचीच मर्यादा आहे, फक्त बारापेक्षा कमी नकोत. महाराष्ट्राचे २८८ आमदार, मर्यादा ४३. १५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली, आधीचे तिघं धरून ४२ झाले. एक जागा मोकळी ठेवली. गाडीत माणसं कोंबताना ड्रायव्हरशेजारची बोटभर जागा ‘पुढच्या स्टॉपवर पाहुणे आहेत’ म्हणून राखतात, तशी.

माझं मत विचारशील तर चांगल्या नागपुरी संत्र्यात दहा-अकरा फोडी असतात आणि सोलताना एकही दुसरीला चिकटून फाटत नाही. आतल्या खोलीत तेवढे पुरेत. याला शास्त्रीय आधार नाही. पेपरात लिहू नको.

पेपरात लिहायचं ते : मंत्रिपरिषद, ८१, पंतप्रधान धरून.

आणि एक. ‘मिनिस्टर’ हा लॅटिन शब्द ‘मिनुस’ म्हणजे कमी, यावरून झाला. मिनिस्टर म्हणजे खालचा, सेवक. त्याच्या उलट ‘मागिस’ म्हणजे अधिक, त्यावरून मागिस्तर, त्यावरून इंग्रजी मास्टर, त्यावरून आपला मास्तर. म्हणजे वरचा. ‘सर’ हा मात्र ‘सीनियर’च्या घराण्यातला, नुसता वयानं मोठा. तेव्हा यापुढे मला पत्रात सर लिहू नको, मास्तर लिही.