ग्रुपवर दोनशे, कामाला चार

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि निम्म्याहून जास्त पत्रांत रडगाणं एकच, की राहतो भर वस्तीत पण शेजारी काय चाललंय ते आम्हालाच सगळ्यात शेवटी कळतं. म्हणून या खेपेला सगळे प्रश्न शेजारपाजाराचेच घेतलेत. बाकीच्यांनी जरा थांबा, रागावू नका.

प्रश्न : ताई, नवीन घरी येऊन आठ महिने झाले. एरियाच्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, दिवसाला शंभरेक मेसेज पडतात, गुड मॉर्निंग, वाढदिवस, कुणाचं तरी हरवलेलं मांजर. पण परवा रस्ता खोदणार होते, गाड्या हलवायच्या होत्या, ते मला कळलंच नाही आणि माझी गाडी दोन दिवस आत अडकली. वर ऐकायला मिळालं, "मेसेज टाकला होता की!" एवढे मेसेज वाचायचे कुणी?

उत्तर : कुणीच वाचत नाही हो, तुम्ही एकटे नाही. आठवड्यातून एकदाच कामाची गोष्ट येणार आणि ती नेमकी मांजर आणि केक यांच्या मधे सापडणार. ॲडमिनला सांगा की कामाच्या बातम्यांचा वेगळा ग्रुप करा, जिथे फक्त ॲडमिनच लिहू शकेल, तशी सेटिंग असते. आणि पहिल्याच ओळीत काय, कुठे, कधी. "सर्व रहिवाशांना नम्रपणे कळवण्यात येते की" हे वाचेपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो. लिफ्टमध्ये किंवा जिन्यापाशी एक कागद चिकटवला तर अजून बरं, कागद म्यूट करता येत नाही.

पण खरं सांगू का, बातमी ग्रुपमधून कमी आणि माणसांतून जास्त येते, आणि तीही जवळच्या माणसांतून नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक लेख छापला, त्यात ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं होतं की ज्याने खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा. नेहमी भेटायचा म्हणणारे शंभरात जेमतेम १७ निघाले, साधारण ५६ म्हणाले अधूनमधून आणि २८ म्हणाले क्वचितच. का, तर जिवलग माणूस जे ऐकतो ते तुम्हीही ऐकलेलंच असतं, नवीन काही आणतो तो तोंडओळखीचा. म्हणजे तुम्हाला लगेच घट्ट मैत्र्या करायची गरज नाही. वॉचमन, सकाळी झाडायला येणारे, कोपऱ्यावरचा दुकानदार, रोज त्याच वेळेला कुत्रा फिरवणारी ती बाई, यांच्याशी थांबून दोन वाक्यं बोला. रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने गेलात तर महिनाभरात चेहरे ओळखीचे होतात. रस्ता खोदणार हे झाडणाऱ्याला तुमच्या ॲडमिनच्या आधी माहीत असतं, पैज लावते.

प्रश्न : मी एका ग्रुपचा ॲडमिन आहे. २१० मेंबर. बाग साफ करायची म्हणून "रविवारी सकाळी सर्वांनी अवश्य यावे" असा मेसेज टाकला, ४३ अंगठे आले. प्रत्यक्षात आले चार जण, त्यातला एक मी आणि एक माझी बायको, आणि तीही नाइलाजाने. लोकांना काही पडलेलीच नाही का?

उत्तर : तुमच्या बायकोला आधी माझा नमस्कार सांगा.

पडलेली असते हो. तुम्ही "सर्वांनी" लिहिलंत तिथेच घोळ झाला. सर्वांनी म्हणजे कुणीही नाही. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून माइकवरून गप्पा मारायला लावलं आणि मधेच एकाला फिट आल्यासारखा आवाज ऐकवला (आवाज आधीच रेकॉर्ड केलेला होता, घाबरू नका). हे आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के तो आवाज थांबायच्या आत मदत बोलवायला उठले. आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. ही मुलं दगडाच्या काळजाची नव्हती, न उठलेल्यांचे हात घामेजले होते, थरथरत होते, पण दुसरा कोणीतरी गेलाच असेल असं वाटत राहिलं. आता चार जणांनी ही गत, तर तुमच्या २१० जणांत काय होणार!

आमच्याकडे एका रस्त्यावरचे दिवे तीन आठवडे बंद होते. ग्रुपवर रोज कोणीतरी लिहायचं, "कुणीतरी तक्रार करा." मीही लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. शेवटी एका कॉलेजच्या पोरीने काय केलं, तर खाली जाऊन बंद खांबांचे नंबर कागदावर उतरवून आणले, बारा खांब निघाले, आणि सहा घरांची बेल वाजवून प्रत्येकाला दोन दोन खांब वाटून दिले. "काका, तुमचे हे दोन, तक्रार झाली की नंबर मला पाठवा." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाराही तक्रारी झाल्या. दिवे लागायला अजून आठ-दहा दिवस गेले ते सोडा, पण तीन आठवडे जे "कुणीतरी" करणार होतं ते एका दुपारी झालं.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर टाकण्याआधी दहा जणांना वेगवेगळा फोन करा, मेसेज नाही, फोन. कामही वेगवेगळं द्या. एकाला म्हणा, तुमच्याकडे खराटा आहे तो आणा, दुसऱ्याला म्हणा, तुम्ही फक्त आठ ते पावणेनऊ या, मागची भिंत तुमची. पावणेनऊ म्हटलं की पावणेनऊलाच सोडा, थांबवून घेतलंत तर तो माणूस पुढच्या वेळी तोंड चुकवतो. नवीन माणूस आला की त्याला खुर्च्या उचलायला लावू नका, जरा जबाबदारीचं काम द्या, जुन्या कार्यकर्त्यांची खोड असते की सगळं आपणच करायचं आणि मग कोणी येत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा. आणि रविवारी रात्री ग्रुपवर न आलेल्यांना टोमणे मारायचे नाहीत. तुम्ही मारलेत ना? प्रश्नाच्या सुरावरून वाटतंय मारले असावेत.

प्रश्न : मला कशातच पडायचं नाही. ऑफिसातून घरी आल्यावर माणसं नको वाटतात. पाप आहे का?

उत्तर : अजिबात नाही. फक्त एका शेजाऱ्याकडे तुमचा नंबर देऊन ठेवा, तुम्ही घरात नसताना नळ फुटला तर उपयोगी येईल. बाकी दार लावून निवांत बसा.

प्रश्न : "आपल्या एरियात मुलं पळवणारी टोळी फिरतेय" असा मेसेज दर दोन महिन्यांनी येतो. खोटं म्हटलं तर लोक अंगावर येतात, "काही झालं तर तू जबाबदार?" असं विचारतात.

उत्तर : खोटं म्हणूच नका, प्रश्न विचारा. कुणी पाहिलं? कोणत्या गेटपाशी? किती वाजता? पोलिसांना कळवलं का? आपल्याच गल्लीतली खरी बातमी असेल तर चारातल्या दोन प्रश्नांचं तरी उत्तर लगेच येतं, कारण पाहणारा माणूस चार घरं सोडून राहत असतो. मेसेजवर "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" अशी खूण असेल तर ती तुमच्या गल्लीतली बातमी नाहीच, कुठून तरी फिरत आलीय. असे मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतील अशी मर्यादा व्हॉट्सॲपने २०२० मध्येच घातली, ती उगाच नाही. अनोळखी माणसांना अशा अफवांपायी लोकांनी ठार मारल्याच्या घटना घडलेल्या आहेत, हे अंगावर येणाऱ्यांना शांतपणे सांगा.

प्रश्न : आमच्या रस्त्याचा आराखडा बदलणार म्हणून नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. आम्ही पंधरा जण गेलो, दोन तास तळमळून बोललो. नंतर कळलं की नकाशा आधीच फायनल झालेला. आता पुन्हा जायचं का?

उत्तर : जायचं, पण आधी एक प्रश्न विचारायचा, बसल्या बसल्याच : "यातलं अजून काय बदलू शकतं?" उत्तर "काही नाही" असेल तर ती सूचनांची बैठक नाही, ती माहिती द्यायची बैठक आहे, आणि मग तुमचे दोन तास वाचतील. शेरी अर्नस्टाइन या बाईंनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाच्या दोन पायऱ्या म्हणजे सहभागाचं नुसतं नाटक, मधल्या तिनांवर माहिती देतात, मत विचारतात, समितीवर एखाददुसरी खुर्ची देतात पण निर्णय अधिकाऱ्यांचाच, आणि वरच्या तीन पायऱ्यांवर लोकांच्या हातात खरंच काही असतं. तुम्ही मधे कुठेतरी लटकलात. वर जाता येतं, ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून शहराच्या खर्चातला एक भाग कुठे घालायचा ते वस्त्यावस्त्यांच्या सभांमधून लोक ठरवायला लागले.

तळमळून बोलणं मात्र कमी करा. सकाळी आठ ते नऊ किती गाड्या जातात, किती पोरं रस्ता ओलांडतात, हे तीन दिवस मोजून लेखी द्या आणि पोच घ्या. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून मोठा रस्ता काढायचा बेत होता, तो आसपासच्या लोकांनी, त्यात पोरांना घेऊन बागेत येणाऱ्या आया पुष्कळ, १९५२ पासून लावून धरून हाणून पाडला. १९५८ मध्ये बागेतली वाहतूक प्रयोग म्हणून बंद केली, तीच पुढे कायमची झाली. म्हणजे सहा वर्षं. तुम्ही आत्ता एकदाच जाऊन आलात.

प्रश्न : वय ७६. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, गुडघ्यांमुळे खाली उतरणं होत नाही. दिवसभर खिडकीत बसते. तुम्ही सगळ्यांना "कामाला लागा" सांगता, आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर : आजी, तुम्ही ज्याला नुसतं बसणं म्हणताय त्यावर जेन जेकब्स नावाच्या, शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकन बाईंनी १९६१ मध्ये पानंच्या पानं लिहिलीयत. रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांपेक्षा खिडकीतल्या आणि दुकानातल्या डोळ्यांमुळे, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या खालच्या रस्त्यावर कोणती गाडी कुणाची, कोणतं पोर कुणाचं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असेल?

आणि उलट बाजूही आहे, ती जरा जपून सांगते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, सातशेच्या वर माणसं गेली, त्यात एकटे राहणारे म्हातारे फार. तिथे नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल अशा दोन वस्त्या अगदी लागून आहेत, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे म्हातारे, तरी उत्तरेकडच्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण साधारण दहापट. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने ते खोदून काढलं. दक्षिणेकडे रस्त्यावर दुकानं आणि वर्दळ होती, म्हातारी माणसं बाहेर पडत होती, एखादा दिसला नाही तर कुणाच्या तरी लक्षात येत होतं. उत्तरेकडे ओसाड प्लॉट आणि बंद दारं.

म्हणून तुम्हाला एक काम देते, आणि वर "सर्वांनी" म्हटलं तसं नाही, तुम्हालाच. तुमच्या इमारतीत आणि शेजारच्या इमारतीत एकटे राहणारे आणखी तीन-चार जण असतील, त्यांचे नंबर त्या वॉचमनकडून नाहीतर ॲडमिनकडून मिळवा. रोज सकाळी नऊ वाजता एकेकाला फोन, दोन मिनिटं, "उठलात ना?" एवढंच. एखाद्याने दोनदा उचलला नाही तर खाली वॉचमनला सांगायचं, दार वाजवायला. आणि त्यांच्यापैकी एकाला सांगून ठेवायचं की नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत माझा फोन आला नाही तर तुम्ही मला लावायचा.