आधी त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या

कॅनडातल्या मिसिसागाहून एका आईचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यात प्रश्न चार आहेत. खरा प्रश्न एकच, आणि तो तिने सासूबाईंचा व्हिसा आणि धाकटीची मराठी शाळा यांच्या मध्ये दडवून ठेवलाय. आज मी त्याच्यावरच बोलणार आहे. बाकीचे शेवटी, जमतील तसे.

ती लिहिते: "थोरला १९ वर्षांचा, टोरांटोला युनिव्हर्सिटीत आहे. त्याला सॅमी यातीमच्या, म्हणजे पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्या एका मुलाच्या, केसवर असाइनमेंट होती. जेवताना सांगायला लागला, तर हे म्हणाले, हातात चाकू घेऊन उभा राहिल्यावर पोलीस काय आरती ओवाळणार का? तो ताट घेऊन खोलीत गेला. तेव्हापासून बापलेकांत अबोला आहे. ताई, आपला या गोष्टींशी काय संबंध? आपली मुलं असलं काही करत नाहीत. हे विषय घरात काढू नकोस, असं त्याला सांगू का?"

नको सांगूस. वयाने तू माझ्या धाकट्या बहिणीसारखी, म्हणून स्पष्टच बोलते. तुझा जीव मुलासाठी तुटतोय हे ओळीओळीतून दिसतं, पण "आपला काय संबंध" हे वाक्य मला अजिबात पटत नाही.

आधी नेमकं काय झालं ते बघ. २७ जुलै २०१३, मध्यरात्र नुकतीच उलटली होती. टोरांटोतल्या डंडास स्ट्रीटवरची ५०५ नंबरची स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम. १८ वर्षांच्या सॅमीने छोटा चाकू काढला, प्रवासी जिवाच्या भीतीने खाली पळाले. त्यांची ती भीती खरीच होती. पण गोळ्या सुटल्या तेव्हा गाडीत तो एकटा होता आणि पोलीस खाली रस्त्यावर. जेम्स फोर्सिलो या पोलिसाने आधी तीन गोळ्या झाडल्या. सॅमी कोसळला. मग साधारण साडेपाच सेकंद गेले, आणि आणखी सहा गोळ्या. नऊपैकी आठ त्याला लागल्या. रस्त्यावरच्या लोकांनी हे सगळं फोनवर टिपलं आणि शहर ढवळून निघालं, मोर्चे निघाले.

खटला चालला. जानेवारी २०१६ मध्ये ज्युरीने पहिल्या तीन गोळ्यांबाबत फोर्सिलोला खुनाच्या आरोपातून मोकळं केलं, आणि नंतरच्या सहांबाबत खुनाच्या प्रयत्नासाठी दोषी धरलं. शिक्षा सहा वर्षांची झाली. म्हणजे तुझे यजमान जे म्हणतात आणि तुझा मुलगा जे म्हणतो, ते दोन्ही त्या ज्युरीतल्या माणसांनी पुढ्यात घेतलं, आणि साडेपाच सेकंदांच्या अलीकडे एक निकाल दिला, पलीकडे दुसरा. घड्याळाच्या काट्याकडे बघत साडेपाच सेकंद मोज. बराच वेळ असतो गं तो. हे सगळं तुझ्या मुलाने वाचलंय. ते त्याला घरी सांगायचं होतं, आणि तुम्ही त्याला पहिल्या वाक्यालाच गप्प केलंत.

आता "आपली मुलं असलं करत नाहीत" याच्याकडे येते. सॅमी २००८ साली सीरियातल्या अलेप्पोहून इथे बापाकडे आला. आई तिकडेच राहिली. मरायच्या थोडे आठवडे आधी वडिलांशी खटके उडाले म्हणून घर सोडून तो मित्रांकडे राहत होता. मी त्या वडिलांना बोल लावत नाही, तशी कुणाची प्राज्ञाही नाही. पण आपला देश सोडून आलेलं घर, कष्टाळू बाप, वयात आलेला मुलगा, जेवणाच्या टेबलावरचे वाद, यातलं परकं काय आहे?

माझ्या सख्ख्या भावाचं सांगते. डोंबिवलीला कॉलेजात असताना त्याचं डोकं बिघडलं. झोपेना, जेवेना, एकदा नारळ फोडायचा कोयता घेऊन गॅलरीत उभा राहिला. समोरचे काका बनियनवरच बाहेर आले, "बाळ्या, आण तो इकडे, मला शहाळं सोलायचंय" म्हणाले, आणि कोयता हातातून काढून घेतला. अख्खी चाळ त्याला लहानपणापासून ओळखत होती. पुढे उपचार झाले, आज तो दोन मुलींचा बाप आहे. तुझ्या टाउनहाउसच्या शेजारी कोण राहतं, त्यांना तुझ्या मुलाचं नाव माहीत आहे का? इथे गॅलरीत काका येत नाहीत. अनोळखी, घाबरलेला, कमरेला पिस्तूल असलेला माणूस येतो.

हे फक्त पोरांच्याच बाबतीत होतं असं नाही. तुमच्या मिसिसागातच, माल्टनला, जून २०२० मध्ये ६२ वर्षांचे एजाझ चौधरी घरात पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. त्यांना स्किझोफ्रेनिया होता. घरच्यांनी फोन केला होता तो मदतीसाठी. आम्हाला त्यांच्याशी बोलू द्या, असं ते सांगत राहिले. कुणावर खटला झाला नाही.

म्हणून घरात हे बोलायचं, आणि कामाचंही बोलायचं. मनाचा तोल जातोय असं वाटलं तर ९८८ हा नंबर कॅनडाभर रात्रंदिवस चालू आहे, फोन करा किंवा मेसेज. मुलगा टोरांटोत असतो, तर त्याला २११ सांगून ठेव. तिथून पोलिसांऐवजी मानसिक आरोग्याची माणसं येऊ शकतात. ती सेवा टोरांटो शहरापुरती आहे, तुमच्याकडच्या क्रायसिस लाइनचा नंबर शोधून फ्रिजवर लाव. ९११ लावावाच लागला तर आजार कोणता, औषध कोणतं, भाषा कोणती कळते, हातात काय आहे आणि काय नाही, हे सगळं आधी सांगायचं, आणि आरोग्यसेवक असलेलं पथक मागायचं. लोक काय म्हणतील म्हणून आजार लपवत बसायचं नाही.

तुझ्या यजमानांचं एक मला पूर्ण मान्य आहे. पोलीस म्हणाले हात दाखव, तर दाखवायचे. वाद नंतर, वकिलासमोर. हे त्यांनी मुलाला जरूर सांगावं, पण त्याचं सगळं बोलून झाल्यावर. आणि त्यांना माझ्यातर्फे एक गोष्ट सांग. ऑक्टोबर २००८ मध्ये कुर्ल्याला बेस्टच्या बसमध्ये पाटण्याहून आलेल्या राहुल राज नावाच्या पोराला मुंबई पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याच्या हातात पिस्तूल होतं. जिवंत पकडता आला असता का, यावर तेव्हा घराघरांत भांडणं झाली. आमच्याकडे माझे सासरे आणि दीर दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. त्या बसमधला मुलगा आपल्याला परप्रांतीय वाटत होता. इथे परप्रांतीय आपण आहोत. एवढं मनात ठेवून त्यांनी मुलाशी बोलावं.

सुरुवात त्यांनीच करायची, मोठे ते आहेत. "तुझी असाइनमेंट वाचायला दे" एवढं पुरे. वाचावी मात्र खरोखर. तू मध्ये पडून समेट घडवू नकोस, तू फक्त पोळ्या वाढ आणि टीव्ही बंद ठेव.

बाकीचं झटपट. धाकटीला शनिवारी मराठी शाळा नको असेल तर सक्ती करू नकोस, आजीशी फोनवर रोज बोलू दे. पुण्याच्या लग्नाला थोरला येत नाही म्हणतो, त्याची परीक्षा आहे, तर नाही येणार, नातेवाईकांना तसं सांग. सासूबाईंच्या सुपर व्हिसासाठी किमान १ लाख डॉलरचा वर्षभराचा आरोग्य विमा लागतो. घेण्याआधी त्यांची बीपी-शुगर त्यात धरली आहे का, ते लेखी विचारून घे.