अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजं (बहुतेक दोन वर्षांच्या कोर्सची, स्वस्त सरकारी कॉलेजं) ओस पडतायत का, आणि तिथे मोठ्या माणसांना खरंच लिहायवाचायला शिकवतात का?

शिकवतात. ओस वगैरे काही नाही, पण चढउतार बरेच झालेत. तिथलं गणित उलटं असतं, नोकऱ्या गेल्या की लोक कॉलेजकडे वळतात, म्हणून 2008 च्या मंदीनंतर 2010 च्या आसपास गर्दी सगळ्यात जास्त होती आणि मग नोकऱ्या परत आल्या तशी ती ओसरत गेली. 2020 ला कोरोनात मात्र नोकऱ्या जाऊनही आकडा साधारण 10 टक्क्यांनी पडला, कारण वेल्डिंग काय झूमवर शिकणार? आता परत वाढतंय, पण त्यात हायस्कूलची पोरंच भरपूर आहेत, शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट (डिग्रीत धरले जाणारे गुण) घेणारी, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

मोठ्यांसाठी इंग्रजी, वाचन, जीईडीची (हायस्कूल पासच्या तोडीची परीक्षा) तयारी असे क्लास असतात, कॅलिफोर्नियात तर असे बरेच नॉन-क्रेडिट, म्हणजे डिग्रीत न धरले जाणारे, क्लास फुकट. मला सगळ्यात आवडलेला प्रकार वॉशिंग्टन राज्यातला, आय-बेस्ट. एका वर्गात दोन टीचर, एक बीपी कसं घ्यायचं ते दाखवणार आणि दुसरा तेच रीडिंग चार्टवर इंग्रजीत कसं लिहायचं ते. आधी भाषा पक्की करा मग कोर्सला या, ही भानगडच नाही, नाहीतर बरेच लोक तिथेच गळतात.

आणि हो, आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर कॉलेजात नाव घालायच्या फंदात पडू नका, त्या व्हिसावर रीतसर शिक्षणाचा कोर्स करता येत नाही. गावातल्या लायब्ररीत इंग्रजी गप्पांचा ग्रुप असतो का ते विचारा.